टाकलेल्या तीस तक्रारी

मी गाळणी. चहाची नव्हे हो, मजकुराची! येरवड्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर राहते. आणि खरं सांगते, मला भीती वाटते. काम चालू असताना वाटते, काम संपल्यावर जास्त वाटते.

मी एक प्रोग्रॅम, मला भाग्यश्रीने लिहिलं. भाषाशास्त्र शिकून ती कॉम्प्युटरला मराठी वाचायला शिकवायच्या नोकरीला लागली होती. "म्हणजे नक्की काय करतेस गं?" असं तिचे काका, आप्पासाहेब, दर दिवाळीला विचारायचे आणि उत्तर ऐकून नुसतं "बरं" म्हणायचे.

काम असं, की कंपन्यांकडे ग्राहकांच्या हजारो तक्रारी येतात. कुठली तक्रार किती जणांची, ते आम्ही मोजून द्यायचं. त्यात पहिली पाळी माझी. जाहिराती काढून टाकायच्या, शिव्या टाकायच्या, आणि तोच मजकूर पुन्हा आला की तोही टाकायचा. एखादा चिडून दहा वेळा 'पाठवा' दाबतो ना, त्याच्यासाठी हा नियम. नाव, पत्ता मी बघतच नसे. काय शहाणी समजत होते मी स्वतःला!

मी टाकलेलं भाग्यश्री दर शुक्रवारी स्वतः वाचायची. तिचे साहेब, शुभंकर, म्हणाले, "सगळं आपणच वाचायचं, तर प्रोग्रॅम कशाला लिहिलात?" कामाचा रेटा वाढला आणि तिचं वाचणं राहून गेलं.

२०१० च्या डिसेंबरात गॅस गिझरच्या एका कंपनीचं काम आलं. रिपोर्ट तयार झाला. त्यात शेवटची ओळ होती, 'आंघोळ करताना चक्कर येते: तक्रार एक.'

ती ओळ खटकली म्हणून शनिवारी सकाळी भाग्यश्री एकटीच ऑफिसात आली आणि तिने माझी टाकलेल्यांची फाईल उघडली. तीच तक्रार तिथे आणखी तीस वेळा होती. 'गिझर लावला की बाथरूममध्ये गुदमरतं, चक्कर येते. माणूस पाठवावा.' शब्दन् शब्द तोच, पण नावं तीस, आणि पत्ता बिबवेवाडीतल्या एकाच नव्या इमारतीचा.

मीच टाकल्या होत्या. टाकताना मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

तिने यादीतला पहिला फोन लावला. नाव यमुनाबाई, पण बोलला पुरुष.

"मी तात्याराव, इंटरनेटचं दुकान हाय माझं. यमुनाबाईंकडं फोन न्हाई, म्हणून माझा नंबर टाकला."

"अहो, पण सगळ्यांचा मजकूर एकच कसा?"

"मीच लिहून दिला, मॅडम. बिल्डरनं सगळ्यांना एकच गिझर बसवलाय. दुखणं एक, तर मजकूर येगळा कुठनं आणू? महिना झाला, कुणी फिरकलं न्हाई."

"तात्याराव, आधी यमुनाबाईंकडे पळा. गिझर बंद करायला सांगा. आत्ता!"

बाकीच्यांना ती एकेक करून फोन लावत राहिली. "गिझर बंद करा, खिडकी उघडा. त्याचा विषारी वायू आत कोंडतोय." कुणी घाबरलं, कुणी "तुम्ही कोण सांगणार?" म्हणालं, पण सगळ्यांनी बंद केला. तेवढ्यात तात्यारावांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती.

"बाथरूमचं दार आतनं बंद हाय. पाणी वाहतंय. हाक मारतोय, पण ओ देत न्हाईत."

"दार तोडा!"

दार तोडलं. यमुनाबाई जगल्या. पण अजून त्यांना घरच्यांची नावं पटकन आठवत नाहीत, असं तात्याराव सांगतात.

भाग्यश्रीने माझा तो नियम बदलला. वर्षभराने तिने नोकरी सोडली. माझ्यात असे आणखी दोनशे नियम आहेत. सगळे शहाणपणाने लिहिलेले आहेत, आणि त्यातला कुठला चुकतोय ते मला कळत नाही. मी टाकते, आणि टाकलेलं आता कुणी उघडत नाही.

तुमच्यापैकी कुणी तिच्या खुर्चीवर बसलंच, तर पाया पडते, ती फाईल उघडा. एवढं बोलेपर्यंत माझ्यातून चारशे तक्रारी गेल्या. त्यातल्या सत्तर मी टाकल्या.