चार नंबरच्या खोलीतली तिजोरी

हॉटेल माझ्या नणंदेचं, स्तामातियाताईचं. ग्रीसच्या एका बेटावर, चौदा खोल्यांचं. माझा नवरा पांडेलिस नळ-वीज बघतो आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. त्या सप्टेंबरात पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: खोलीखोलीत तिजोरी बसवा, नाहीतर पुढच्या हंगामात पाहुणे विसरा.

"आपल्याकडे चोर?" पांडेलिस म्हणाला. "चोरी करून पळणार कुठे? वारा सुटून बोट रद्द झाली की आपल्याकडेच खोली मागायला येईल."

पण कंपनीपुढे काय चालणार! अथेन्सहून लाझारोस नावाचा विक्रेता दोन नमुने घेऊन आला. एक काळी, एक करडी. दोन्ही चार आकडे दाबून उघडायच्या. आकडे विसरले तर उघडायला करडीला पुढच्या पाटीखाली चावीचं भोक होतं आणि तिची चावी त्यानं ताईच्या हातात ठेवली. काळी जास्त पक्की, तीन वेळा आकडे चुकले की कुणालाच दाद देत नाही, असं तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. तिची चावी त्याच्याच बॅगेत राहिली. "दोन दिवस पाहुण्यांना वापरू द्या, मग ठरवा," म्हणाला.

काळी गेली चार नंबरच्या खोलीत. तिथे एव्हांथियाबाई उतरल्या होत्या. थेस्सालोनिकी शहरातल्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बारा वर्षं दर सप्टेंबरात आमच्याकडे यायच्या.

ताई त्यांना म्हणाली, "बाई, तुमची सगळ्यात मोलाची वस्तू हिच्यात ठेवा आणि कशी वाटते ते सांगा."

"माझ्याकडे कसलं गं मोलाचं?" बाई हसल्या. पण ठेवलं त्यांनी काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर नाश्ता चालू होता. त्या दिवसांत गांधीलमाश्यांचा नुसता उच्छाद होता, मधाची वाटी उघडी ठेवायची सोय नव्हती. खुर्ची पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर बाई मान धरून उभ्या होत्या.

"चावली," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे धावल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. ताई मागोमाग, तिच्यामागे मी.

खोलीत पोचलो तर बाई कपाटापुढे गुडघ्यांवर बसून तिजोरीची बटणं दाबत होत्या. एकदम दोन-दोन बटणं दाबली जात होती. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. "माझं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आत आहे," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा चुकलं, तसा लाल दिवा लागला आणि तिजोरी गप्प झाली.

मोलाची वस्तू म्हणून बाईंनी काय ठेवलं होतं ते आता आम्हाला कळलं.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर वरच्या गावात एका बाळंतिणीपाशी होते. "पंचवीस मिनिटं तरी लागतील. तिला आडवी करा, पाय उंच ठेवा," नर्स म्हणाली. पांडेलिसनं लाझारोसला फोन केला. तो सकाळच्या बोटीनं शेजारच्या बेटावर निघाला होता. बॅगही त्याच्याबरोबर, चावीही.

"दहा मिनिटांनी आपोआप सुरू होईल," फोनमधून त्याचा आवाज आला. "तोवर काहीही दाबू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं. आणि नंतर एकदा जरी चुकलं तरी तेच."

पांडेलिसनं पहार आणली. दाराच्या फटीत घालून सगळं अंग टाकलं. रंग खरवडला गेला, बाकी काही नाही.

बाईंना आम्ही जमिनीवरच निजवलं होतं. ओठ सुजले. मग डोळे. अंगावर लाल चट्टे उठले आणि प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी त्यांचे पाय माझ्या मांडीवर धरून बसले होते. ते गार पडत चालले होते. घड्याळाकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. ताई सारखी पुटपुटत होती, "मी सांगितलं ठेवायला. मीच सांगितलं."

"ताई, आता नको," मी म्हटलं.

लाल दिवा विझला.

ताई झेपावली आणि तशीच थबकली. आकडे तर तिला ठाऊक नव्हते. "बाई, आकडे सांगा! आकडे!"

बाईंच्या तोंडून नुसती घरघर आली. मी माझा तळवा त्यांच्या बोटाखाली धरला, तशा त्या त्यावर आकडे गिरवू लागल्या. एक. नऊ. पाच. शेवटचा आकडा अर्धवट ओढला गेला आणि हात पडला.

"एक होता की सात?" ताई ओरडली.

मला सांगता येईना. "बाई, सात असेल तर माझं बोट दाबा," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. आधी काहीच झालं नाही. मग अगदी पुसटसा दाब आला. आला, की मला भास झाला, ते मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

"सात," मी म्हटलं.

ताईनं एकेक बटण अंगठ्यानं दाबलं. दार उघडलं. आत एक पिवळी पिशवी होती, त्यात इंजेक्शनचं पेन. वरच्या सूचना मी मोठ्यानं वाचल्या, आणि ताईनं कापडावरूनच पेन बाईंच्या मांडीत खुपसलं. थोड्या वेळानं शिट्टीचा आवाज कमी झाला. पांडेलिस पहार हातात धरूनच भिंतीशी खाली बसला आणि रडू लागला.

डॉक्टर आले, बाईंना दवाखान्यात नेलं. संध्याकाळच्या बोटीनं लाझारोस परतला. "यात तिजोरीचा दोष नाही हो, चोराला अडवायलाच ती थांबते," म्हणाला.

"चोराचं मला काय सांगतोस? माणूस मरत होतं इथे," ताई म्हणाली. "करडी दे. चौदा. आणि तिची एकही चावी तुझ्या बॅगेत राहायची नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा अजून सुजलेला. ताई दारातच उभी राहिली. "बाई, माझ्यामुळे झालं. मी म्हटलं होतं ना, मोलाची वस्तू..."

"स्तामातिया, मी काय दुसरीतली पोर आहे?" बाईंचा आवाज घोगरा येत होता. "पेन जवळ ठेवायचं, हे चाळीस वर्षं मला ठाऊक आहे. मला मिरवायचं होतं, बघ, दागिने नसले तरी माझ्याकडे जीव वाचवणारी वस्तू आहे! ये, बस इथे."

ताई बसली. बाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि कालपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी नणंद ओक्साबोक्शी रडायला लागली.