हद्दीचा दगड

"गुरचरण घरांना दिलं तर गावाची गुरं चरायला कुठं जायची? बोला ना!" उपसरपंच दिनानाथने विचारलं.

मागच्या रांगेतून सुका म्हणाला, "शेठ, तुमच्याकडं गुरं कुठं हायत? भाडेकरू हायत."

शाळेच्या पडवीत बसलेली ग्रामसभा हसली. हसणाऱ्यांतले निम्मे लगेच गप्पही झाले, कारण ते दिनानाथच्याच खोल्यांत राहत होते.

गावाच्या कडेला दिनानाथने पत्र्याच्या खोल्यांची ओळ उभी केली होती. जवळच्या सालवडच्या कारखान्यांपाशी भाडं ज्यांना झेपत नाही ते कामगार तिथे येत. गावातल्याच ज्यांच्या झोपड्या रस्त्यात गेल्या, तेही तिथेच. सुका गवंडी होता. त्या ओळीचं सगळं जोतं त्यानेच भरलं होतं आणि शेवटच्या खोलीत तोच भाड्याने राहत होता. गावातल्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या. स्वतःची एकही नाही.

आजचा ठराव साधा होता. चाळीस कुटुंबांना घरकुलं मंजूर होऊन तीन वर्षं झाली, पण बांधायला जागा नव्हती. गुरचरणातली दोन एकर त्यासाठी द्यायची का, हे हात वर करून ठरायचं होतं. महिला सभेत हा विषय पहिल्यांदा काढला तो सुकाच्या बायकोने, रखमाने. बिगारी काम करणारी बाई, चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "घर देता, मंग ठेवाचं कुठं? डोक्यावर?"

गेल्या आषाढात ती गेली. खोलीच्या पत्र्यात करंट उतरला होता, तिचा ओला हात लागला. वायर सोललेली आहे हे सुकाने दिनानाथला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तो "बघतो" म्हणाला होता. ती गेली त्या दिवशी दिनानाथने सरणाला लाकडं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी नवी वायर. ती काळी, चकचकीत वायर सुकाला रोज सकाळी डोळे उघडले की दिसायची.

"सुका," दिनानाथ आवाज मऊ करून म्हणाला, "तुझं दुःख मला कळतं रे. पण यादीत तुझं नाव तरी हाय का?"

"नाय. रखमाचं व्हतं. मेली म्हणून कापलं."

"मग तू कशाला मधी पडतोस?"

सुका उभा राहिला.

"गुरचरणाची एवढी काळजी तुमाला? मंग सांगा, तुमच्या खोल्या कुठल्या जमिनीवर हायत?"

"माझ्या सातबाऱ्यावर. हद्दीचा दगड हाय तिथं. जाऊन बघ."

"दगड हाय. पण तो तिथला नाय. मीच हलवलाय."

ग्रामसेवकाचं पेन थांबलं. सरपंच जमनाबाय खुर्चीत पुढे सरकली. "नीट सांग, सुकादादा."

सुकाने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी पाया खोदायच्या आदल्या दिवशी शेठ म्हणाले होते, दगड मध्ये येतोय, चिंचेपर्यंत सरकव. त्याने पहार घालून दगड उपटला. एकट्याला उचलेना, म्हणून दुसरं टोक रखमाने धरलं. धरता धरता ती म्हणाली, "गावाची हद्द हाय ही. नको हलवू. आपल्यालाच फेडाय लागंल." तो तिच्यावर खेकसला होता, "तुला काय कळतं? उचल." तिने उचलला. पण त्यानंतर दर वर्षी नवा तांदूळ घरात आला की आधी मूठभर त्या दगडापाशी ठेवून यायची. घरात शिजायचा तो नंतर.

"खोटं बोलतो हा!" दिनानाथ ओरडला. "बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाय याचं. पिऊन आलाय."

"या, तोंड हुंगून बघा. चोर मी हाय, मला धरा. पण मोजणी लावा. दगड चिंचेपाशी नव्हता, ओढ्याकडच्या बांबूच्या बेटापाशी व्हता. खोल्या हायत ती मधली जमीन गुरचरणाची."

"उद्याच्या उद्या खोली खाली कर माझी!"

"करतो. पुढच्या भाडेकरूला सांगा, वायर लई चांगली हाय."

या वेळी कोणी हसलं नाही.

जमनाबाय म्हणाली, "ठरावाच्या बाजूचे, हात वर करा."

मग सुकाच्या शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बुधीने हात वर केला. वाकडा, हाडं निघालेला हात. रखमाला पत्र्यापासून लाकडाने ढकलून सोडवलं होतं ते तिनेच. तिच्यामागून एकेक हात वर जायला लागला.

"अंकुश, तू पण?" दिनानाथ आपल्या दुसऱ्या एका भाडेकरूला म्हणाला. अंकुशने त्याच्याकडे पाहिलं नाही. हातही खाली घेतला नाही.

ठराव मंजूर झाला. सगळ्या गुरचरणाची मोजणी करायची, हेही त्यात लिहिलं गेलं.

"सूचक म्हणून कोणाचं नाव घालू?" ग्रामसेवकाने विचारलं.

"रखमाचं," सुका म्हणाला.

"मयत माणसाचं घालता येत नाही हो."

"मंग कापा. एकदा कापलंत, अजून एकदा कापा."

तो पायऱ्या उतरला. मागे जमनाबाय काहीतरी म्हणत होती, मोजणीवाले येऊन दगड जागेवर लावतील, तू राहू दे. त्याने ऐकलं, पण थांबला नाही. खोलीवरून पहार घेतली आणि चिंचेखाली गेला.

दगडाच्या बुडाशी गवत माजलं होतं. या वर्षी तिथे कोणी तांदूळ ठेवला नव्हता. त्याने गवत उपटलं, भोवतीची माती उकरली, पहार घालून दगड हलता केला. अंगातला सदरा काढून चिंचेच्या फांदीला अडकवला. मग दोन्ही हात दगडाखाली घालून वाकला, आणि सवयीने तोंडातून गेलं, "उचल."

त्याच्या बाजूचं टोक वीतभर वर आलं. दुसरं जमिनीतच राहिलं.