नेमणूक कुणी केली?

नववी ‘ब’च्या मुलांना इतर तासांना खुशाल जांभया येत, शालनबाईंच्या तासाला मात्र जांभई दाबून धरावी लागे. १९९१ चा मार्च महिना होता. अंबरनाथच्या एका खाजगी शाळेत बाई फळ्यावर पॅसिव्ह व्हॉइस शिकवत होत्या. ‘ही वॉज अपॉइंटेड हेडमास्टर,’ त्यांनी लिहिलं आणि अर्थ सांगितला, ‘‘त्याला मुख्याध्यापक नेमण्यात आलं.’’

‘‘पण नेमलं कुणी, बाई?’’ पुढच्या बाकावरच्या बकुळाने विचारलं.

‘‘ते सांगायची गरज नसते. नेमणुकीचं असंच लिहितात.’’

उत्तर बरोबर होतं, तरी बाईंचं मन त्यात नव्हतं. मुख्याध्यापक महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्या खालोखाल पहिलं नाव होतं शालन कासारे. सतरा वर्षांची नोकरी आणि दर साली वर्गाचा चोख निकाल. ती खुर्ची आपल्याला देतात की नाही, या एका प्रश्नाने पंधरा दिवस त्यांचं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं. हेंद्रेपाड्यातल्या घरी तव्यावर भाकरी करपत होती आणि धुतलेली भांडी त्या पुन्हा धुवायला घेत होत्या.

‘‘यादीत नंबर एक तू आहेस ना? मग टेन्शन कशाला घेतेस?’’ कारखान्यातून आलेला भगवान, त्यांचा नवरा, म्हणाला. ‘‘कायदा आहे आपल्या बाजूने.’’

कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई भिमाबाई मान वर न करता म्हणाल्या, ‘‘कायदा आपल्या मानसानं लिवला रं. पन खुर्चीवं कोन बसलंय त्येबी बघ.’’

शनिवारी शाळा सुटल्यावर संस्थेच्या कमिटीची बैठक झाली. या संस्थेची एक जुनी रीत होती. नेमणुकीची पत्रं इंग्रजीत लिहायची, आणि ती लिहायची शालनबाईंनी. त्यांचं अक्षर छापल्यासारखं, इंग्रजी निर्दोष. मोठ्या लोकांनी आपल्याला बोलावून लिहायला बसवावं याचा बाईंना अकरा वर्षं अभिमान वाटत आला होता. आजही बोलावणं आलं तेव्हा त्या पेन घेऊन लगबगीने गेल्या. आपलंच पत्र आपल्याला लिहायला सांगतात की काय!

‘‘या शालनबाई,’’ सेक्रेटरी विष्णुपंत म्हणाले. ‘‘दोन ओळींचं काम आहे. महिपती सरांना हेडमास्टर नेमण्यात आलंय. तुमच्या त्या नेहमीच्या स्टाइलमध्ये लिहून टाका, वॉज अपॉइंटेड.’’

बाईंनी उघडायला घेतलेलं पेन परत मिटलं.

‘‘महिपती सर माझ्यानंतर आठ वर्षांनी लागले,’’ त्या म्हणाल्या.

अध्यक्ष शंकरराव समजुतीच्या सुरात बोलू लागले. ‘‘मनात काही आणू नका. आम्ही जातपात मानत नाही. पण शाळेच्या सत्यनारायणाला मुख्याध्यापक बसतात, ही पहिल्या वर्षापासूनची रीत. तुम्ही बौद्ध, तुम्ही काही बसणार नाही. आणि बसलात तरी प्रसादाला किती लोक येतील, तुम्हीच सांगा.’’

‘‘मुख्याध्यापक पूजेसाठी नेमायचा की शाळेसाठी?’’

विष्णुपंतांनी कोरा कागद पुढे सरकवला. त्या कागदाकडे बघताना बाईंना सहशिक्षिका मोतीबाई आठवल्या. सहा वर्षांपूर्वी पर्यवेक्षक होण्याची पाळी मोतीबाईंची होती. पण त्यांना नवऱ्याने टाकलेलं, म्हणून ‘शाळेत बरं दिसणार नाही’ असं याच टेबलाभोवती ठरलं, आणि दुसऱ्याच्या नावाचं पत्र शालनबाईंनी सुबक अक्षरात लिहून दिलं. ‘‘कुणी ठरवलं हो हे?’’ मोतीबाईंनी जिन्यात विचारलं होतं. ‘‘ठरलं,’’ एवढंच बोलून बाई तासाला निघून गेल्या होत्या. लाज वाटावी असंच ते वागणं होतं, आणि ती लाज आज त्यांना वाटली.

त्यांनी पेन उघडलं आणि मराठीत लिहिलं. ‘आम्ही खाली सह्या करणारे शालन कासारे यांना डावलून महिपती सरांना मुख्याध्यापक नेमत आहोत. कारण, शालन कासारे बौद्ध आहेत आणि पूजेला बसणार नाहीत.’ मग खाली सात रेघा मारल्या. कमिटीचे सभासद सात होते.

‘‘करा सह्या,’’ त्या म्हणाल्या.

विष्णुपंतांनी वाचलं आणि कागद विंचू असावा तसा लांब धरला. ‘‘असं लिहितात का कधी? हे वरच्या ऑफिसात गेलं तर वांधे होतील.’’

‘‘यातलं खोटं काय आहे?’’

‘‘खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही हो. लिहायची एक पद्धत असते.’’

कागद टेबलाभोवती फिरला आणि सात जणांच्या हातून सहीविनाच परत आला. शंकरराव घड्याळाकडे बघू लागले.

‘‘मग मीही लिहिणार नाही,’’ म्हणून शालनबाई उठल्या.

त्याने काही अडलं नाही. उल्हासनगरच्या बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून पत्र छापून आलं आणि सोमवारी सूचनाफलकावर लागलं. दोन ओळी होत्या. कोणाला नेमलं ते होतं, नेमणारा कुठेच नव्हता.

बाईंनी शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीला तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. पहिला परिच्छेद मोतीबाईंविषयीचा होता. ‘ते पत्र मी लिहिलं,’ अशी त्याची सुरुवात होती.

‘‘अगं, स्वतःवर का ओढवून घेतेस? केस वीक होईल,’’ भगवान कळवळून म्हणाला.

‘‘होऊ दे. दुसऱ्यांना नावं विचारायची, तर आधी माझं सांगायला नको?’’

अर्ज घेऊन त्या उल्हासनगरला मोतीबाईंच्या खोलीवर गेल्या. मोतीबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. ‘‘मला माहीत होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अक्षर ओळखलं होतं मी. तुम्ही एकदा तरी येऊन सांगाल म्हणून वाट बघितली.’’ शालनबाईंना रडू आवरेना. मोतीबाईंनी पाणी दिलं आणि अर्जाखाली आपलीही सही केली.

रविवारी महिपती सर हेंद्रेपाड्यात आले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, ‘‘बाई, राग धरू नका. माझा यात काही हात नाही. मला नेमण्यात आलं.’’

‘‘नेमलं त्यांनी, सर. हो कोण म्हणालं?’’

चहावर साय धरली. आतून भिमाबाईंच्या सुपाचा आवाज येत होता.

‘‘मी म्हणालो,’’ शेवटी ते पुटपुटले.

बाईंनी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. ‘‘मग एवढंच इथे लिहून द्या. आणि मला डावलून ही खुर्ची हवीय की नको, तेही लिहा.’’

सरांनी दोन्ही सह्या वाचल्या. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. चपला घालताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. एक एप्रिलला ते त्या खुर्चीत बसले आणि पुढे सत्यनारायणालाही बसले. प्रसादाला गर्दी चांगली होती.

शालनबाई पुढेही त्याच शाळेत इंग्रजी शिकवत राहिल्या आणि शाळेच्या सुट्ट्यांत त्या अर्जामागे हेलपाटे घालत राहिल्या. तारखा पडत राहिल्या. बाई थकल्या नाहीत. प्रश्न त्यांचा नाही, त्या प्रसादाच्या रांगेचा आहे. वाचकहो, त्या रांगेतल्या शेदीडशे माणसांना कोणाला डावललं ते ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे केला, द्रोण घेतला आणि घर गाठलं. त्यांत आपण होतो का?