महागडी केबल आणि सरांचा कान

सरांना मधल्या खुर्चीत बसवलं. खुर्चीची जागा जावयाने टेप लावून ठरवली होती. डावा स्पीकर आणि उजवा स्पीकर, दोन्ही तिथून सारखेच लांब.

"बाबा, आता हलायचं नाही," जावई म्हणाला. "मानसुद्धा वळवायची नाही. गाणारा कसा बरोबर समोर बसल्यासारखा वाटला पाहिजे."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

"हळू घ्या."

जमिनीवर स्पीकरला जोडायच्या दोन तऱ्हेच्या केबल पडल्या होत्या. एक विजेच्या सामानाच्या दुकानातली साधी लाल-काळी वायर. दुसरी अंगठ्याएवढी जाड, विणलेल्या कापडात गुंडाळलेली, मखमलीचं अस्तर असलेल्या खोक्यातून आलेली. ती दुकानदाराने नुसती ऐकून बघायला दिली होती. ठेवायची की परत करायची, ते आज ठरायचं होतं, आणि ठरवायचं होतं सरांनी.

"केवढं हे जनावर!" सरांची मुलगी म्हणाली. "हिला खायला काय घालायचं रोज?"

"कर, थट्टा कर. बाबा सांगतील ना. जन्मभर मुलांचे बेसूर पकडलेला कान आहे तो."

इथेच तर सगळी पंचाईत होती. गेल्या रविवारी जावयाने ही केबल जोडली आणि "फरक कळतोय ना?" असं विचारलं. सर "वा! फारच!" म्हणून मोकळे झाले. मोकळे कसले, चांगले अडकले.

कारण फरक त्यांना मुळीच कळला नव्हता, आणि का कळला नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांचा डावा कान गेला होता. थोडाथोडका नाही, पार. घरात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. फोन उजव्या कानाला, फिरायला जाताना सोबतचा माणूस उजव्या हाताला, जेवताना टेबलाचं डावं टोक आपलं. एवढं सगळं निभत होतं. निभत नव्हता तो मुलांचा वर्ग.

रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत मुलं गायला जमत. एका कानालाही बेसूर ऐकू येतो, पण तो कुठून आला ते त्याला सांगता येत नाही. त्याला दोन कान लागतात. कुणीतरी घसरलंय हे सरांना कळे. कोण, ते कळत नसे. मग ते अंदाजाने बोट दाखवत. हे बाहेर फुटलं तर वर्ग बंद. आणि वर्ग बंद झाला तर संध्याकाळ म्हणजे नुसती दिवे लावायची वेळ.

"डोळे मिटा," जावई म्हणाला. "मीही मिटतो. वायरी ही बदलेल. म्हणजे भांडण नको."

मुलगी स्पीकरच्या मागे जाऊन बसली. गाणं सुरू झालं.

"ही एक नंबर," ती म्हणाली. मग खुडबुड झाली, पुन्हा तेच गाणं. "आणि ही दोन नंबर."

सरांना दोन्ही वेळा गाणं अगदी सारखंच वाटलं. "दुसरी," ते म्हणाले. "दुसरी मोकळी आहे. पहिलीत जरा कोंडल्यासारखं."

"अगदी!" जावई म्हणाला. "कोंडल्यासारखं! हाच शब्द मला सापडत नव्हता."

"बरं. आता तीन नंबर."

पुन्हा खुडबुड, पुन्हा गाणं. जावयाच्या सोफ्याची स्प्रिंग करकरली, मग एकदम गप्प झाली.

"कसं वाटतंय, बाबा?" मुलीने विचारलं.

आता मागे फिरायला वाट नव्हती. "ही तर सगळ्यांत छान," सर म्हणाले. "भरलेली वाटते खोली. दोन्ही बाजूंनी."

सरांनी डोळे उघडले. जावई उठून बसला होता, आणि मुलगी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवून होती.

"एक आणि दोनला मी काहीच बदललं नाही," ती म्हणाली. "दोन्ही वेळा साधीच वायर होती."

जावयाचा चेहरा पडला, पण सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे धडधाकट कानाच्या माणसालाही कळत नाही तर! ते मोठ्याने हसले. "घ्या! जावईबापू, तुम्हीही आमच्याच माळेतले. द्या ते जनावर परत!"

मुलगी मात्र हसली नाही. तिने हात वर केला. हातात वायरीचं एक टोक लोंबत होतं.

"बाबा, तिसऱ्या वेळी डावा स्पीकर बंद होता."

सरांचं हसू तोंडातच राहिलं.

"वायर सुटली असेल," ते म्हणाले.

"मी काढली. गेल्या आठवड्यात तू त्या चष्मेवाल्या मुलीला केवढा रागावलास. तिचा घसा बसला होता, बाबा. ती गातच नव्हती. रडत माझ्याकडे आली. तेव्हापासून बघतेय मी तुला."

सर खुर्चीच्या हातांना धरून बसले. जावई उगाचच महागडी केबल गुंडाळायला लागला.

"मग? वर्ग बंद करायचा?" सरांनी विचारलं.

"डॉक्टरांकडे उद्या जाऊ. पण मुलांना आज सांगायचं. तू सांगतोस, की मी सांगू?"

ते उत्तर देण्याआधीच जिन्यात पावलं धडधडली. पुढच्या खोलीत मुलं दाटीवाटीने बसली, चष्मेवाली सगळ्यांत मागे. सर त्यांच्यासमोर येऊन बसले. मुलगी दारात उभी राहिली, दार अडवून. सरांना बोलायचं धाडस होईना. त्यांनी हात उचलून सूर धरायला सांगितला.

दुसऱ्याच ओळीला कुणीतरी घसरलं. गाणं थांबलं. सगळी मुलं मान खाली घालून वाट बघू लागली, सरांचं बोट आज कुणाकडे वळतंय याची.

सरांनी बोट उचललं, आणि मांडीवर ठेवलं.

"कोण चुकलं ते मला कळलं नाही," ते म्हणाले. "मला या डाव्या कानाने ऐकू येत नाही. बरेच दिवस. मी उगाच कुणाकुणाला रागावलो." मग चष्मेवालीकडे बघून, "तुला तर फारच."



"मग आता ओळखायचं कसं?" सरांनी विचारलं. "ज्याचं चुकलं, त्यानेच हात वर करायला हवा."

पुढच्या रांगेतून एक हात वर आला. त्याच्या शेजारचा आला. मग मागून चष्मेवालीनेही हळूच हात वर केला.

चुकलं होतं एकच जण.