बारा पस्तीसचं शिबिर

महानंदाबाईंनी अर्जातल्या वेळेभोवती लाल पेनानं गोल केला आणि कागद समोरच्या माणसाकडे फिरवला.

"सुग्रीव, हे काय लिहिलंय?"

"टाइम, मॅडम. कार्यक्रमाचा."

"बारा पस्तीस?"

"व्हय."

"आपल्याकडं अकराचं शिबिर एकला सुरू होतं, तेही पाहुणा आला तर. मिनिटं मोजून चालणारं हे कुठलं शिबिर रे? शेळीपालनाचं?"

सुग्रीव खाली मान घालून पायातली चप्पल काढघाल करू लागला.

धारूरच्या घाटावर विद्यापीठाचं हे उपकेंद्र झालं तेव्हापासून सभागृहाचं बुकिंग महानंदाबाईंच्याच टेबलावर. बाहेरच्या संस्थांसाठीचे सोळा नियम त्यांनी स्वतः टाइप केलेले, त्यामुळे त्यातली पळवाट त्यांना दाखवील असा माणूस अजून जन्मायचा होता. नियम नऊ: लग्न, साखरपुडा, बारसं चालणार नाही. पण एवढा थंड हॉल आणि एवढी पार्किंग स्वस्तात मिळत असेल तर कुणाला नको? लोक 'स्नेहमेळावा' लिहायचे, 'कृषी मार्गदर्शन' लिहायचे, मंडळाचा शिक्कासुद्धा करून आणायचे, आणि वेळेच्या रकान्यात गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त जसाच्या तसा उतरवायचे. मुहूर्त हलवायची छाती कुणाची? बाकी सगळं खोटं, मिनिटं तेवढी खरी! अशी सात लग्नं बाईंनी टेबलावरच पकडली होती.

"कुणाचं लग्न?"

"बहिणीचं. वनमालाचं," सुग्रीव म्हणाला. मग एकदम वर बघून म्हणाला, "दुसरं हाय, मॅडम. दाजी ट्रकखाली गेले, त्याला पाच वर्सं झाली. गेवराईकडचं स्थळ हाय, लई चांगला माणूस हाय. पन मंगल कार्यालयवाले म्हनतेत, दिवसाची तारीख न्हाई, दिवेलागणीनंतर उरका. भावकीचं बी तेच. चुलते म्हनले, विधवेचा पाट रात्रीच लावतेत, त्याला कसला मुहूर्त आन् कसली वाजंत्री?"

"आणि वनमाला?"

"ती म्हनती, अंधारात न्यायचं आसंल तर मी जातच न्हाई. पाव्हण्याला तसं तोंडावर सांगितलं तिनं. आता दिवसा जागा न्हाई भेटली तर मोडलंच म्हना."

महानंदाबाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. अर्ज उचलला आणि सरळ उभा फाडला.

सुग्रीवचा चेहरा पार उतरला.

"खोटा अर्ज माझ्या टेबलावरून पुढं जात नाही," बाई म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला. "हा घे. उद्देशात लिही: विधवा विवाह. चांगलं मोठ्या अक्षरात."

"पन मॅडम, नऊ नंबर…"

"नऊ नंबर मला शिकवतोस? चौदा वाच."

नियम चौदा आजवर कुणी वाचलाच नव्हता. समाजसुधारणेच्या कार्यक्रमासाठी संचालक विशेष परवानगी देऊ शकत होते. अट एवढीच, की उपकेंद्राच्या एका कर्मचाऱ्यानं जबाबदारीची सही करायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत सभागृहात बसायचं.

संचालक तसे भले गृहस्थ, पण सहीला भिणारे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, उद्या अख्खा तालुका लग्न घेऊन दारात उभा राहील."

"राहू द्या. चौदात बसतंय का नाही ते मी बघते."

"आणि बसणार कोण दिवसभर?"

"मी."

संचालकांची नजर बाईंच्या कपाळावर कुंकवाच्या जागी लावलेल्या विभूतीवर गेली आणि चटकन बाजूला झाली. अकरा वर्षांपूर्वी विद्यापीठात नवऱ्याच्या जागेवर, अनुकंपा तत्त्वावर, बाई नोकरीला लागल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून त्या कुणाच्या लग्नात मांडवात बसल्या नव्हत्या. सख्ख्या भाचीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडेपर्यंत मागं भांड्यांच्या खोलीत बसल्या होत्या. तिथं बस, असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढं ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"तसं नाही मॅडम, लग्नकार्य आहे. त्यांच्याकडचे लोक काही म्हणाले तर…"

"कर्मचाऱ्याचा नवरा जिवंत पाहिजे असं लिहिलंय का सर नियमात? दाखवा. टाइप मीच केलेत."

संचालकांनी पेन शोधलं.

लग्नाच्या दिवशी बाई नऊलाच हजर होत्या. भिंतीला खिळा ठोकू दिला नाही, आचाऱ्याला शेगडीसकट मैदानात पिटाळलं, वाजंत्रीवाल्यांना मात्र म्हणाल्या, "दबकत काय वाजवताय? पार धारूरला ऐकू गेलं पाहिजे." वनमाला हिरव्या शालूत, भर उन्हात, दारातून वाजतगाजत आत आली. सगळं ठीक चाललंय असं बघून बाई शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तिथं बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अंतरपाट धरला गेला. करवली अक्षतांचं ताट घेऊन रांगांतून फिरू लागली. शेवटच्या रांगेत तिनं प्रत्येकीच्या हातावर चिमूट ठेवली. महानंदाबाईंपाशी आली, कपाळाकडं पाहिलं, आणि ताट अलगद पुढं नेलं. पोरीच्या मनात काही नव्हतं. लहानपणापासून पाहिलं होतं तसंच तिनं केलं.

बाईंना भाचीच्या लग्नातली ती भांड्यांची खोली आठवली. त्या तिथल्या तिथं उठून उभ्या राहिल्या.

"ए पोरी, इकडं ये. मला का म्हून सोडलं?"

"तसं न्हाई मावशी, मला वाटलं तुमी…"

"आण ते ताट."

बाईंनी चिमूट घेतली नाही, मूठ भरून घेतली. मंगलाष्टकं सुरू झाली. तशाच उभ्या राहून, गुरुजींचं 'सावधान' व्हायच्या आतच त्यांनी हात असा फेकला, की पुढच्या दोन रांगांतल्या बायकांच्या अंबाड्यांत तांदूळ अडकले. माना वळल्या. स्टेजवरून वनमालानंही पाहिलं.

बाईंनी पोरीपुढं पुन्हा हात पसरला.

"आण अजून. पहिल्या नीट पोचल्या न्हाईत."