सव्वा मुडी

भागीरथीने बियाणे येसूच्या हाती दिले, येसूने ते रखमाच्या हाती दिले आणि रखमाने विमलाच्या. भागीरथी येसूची सासू, येसू रखमाची, रखमा विमलाची. चौघींत रक्ताचे नाते कुठेच नव्हते. तरी जयगड खाडीच्या काठावरच्या खोतांच्या घराची खरी वंशावळ हीच. सातबाऱ्यावर नावे पुरुषांची लागली, पण त्या मातीत काय पडायचे हे ठरवणारा हात प्रत्येक पिढीत दुसऱ्या घरातून आलेला होता.

ते बियाणे खारबेळ्याचे. तांबूस टरफलाचे, जाड दाण्याचे भात. उधाणाचे पाणी बांध ओलांडून चार दिवस शेतात उभे राहिले, तरी मान टाकत नसे. मळणी झाली की निवडक दाणे पेंढ्यात गुंडाळायचे, पेंढ्याच्याच दोराने करकचून बांधायचे आणि ती गोल मुडी माळ्यावर चुलीच्या धुराच्या वाटेत ठेवायची. मुडी सोपवताना सासू सुनेला दोन गोष्टी सांगत असे. एक उघडपणे सांगायची: हे बी विकायचे नाही आणि लेकीला द्यायचे नाही, ते सुनेचे. दुसरी दार ओढून घेऊन सांगायची: या घरावर एका मुडीचे देणे आहे.

ते देणे भागीरथीच्या काळचे. एका श्रावणात बांध फुटला, शेत गेले आणि खालच्या पडवीत ठेवलेले बीसुद्धा खाडीने नेले. गावाच्या खळ्यावरून वाटा उचलणारे खोत. पण त्या वर्षी त्यांच्या सुनेला, भागीरथीला, होडीत बसून पैलतीरावरच्या तांडेलांच्या दारात उभे राहावे लागले. तांडेलांचा धंदा मासेमारीचा, जोडीला खाजणात, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, भाताचे चार कुणगे, म्हणजे लहान तुकडे. तांडेलीणबाईने काही न विचारता खारबेळ्याची मुडी उतरवून दिली. पुढच्या वर्षी भागीरथी रीतीप्रमाणे सव्वापट भात घेऊन गेली, तेव्हा मात्र तांडेलीणबाईने त्याला हात लावला नाही. राहू द्या तुमच्याकडेच, म्हणाली. आमच्या घराला गरज पडेल तेव्हा मागू. रखमा हे सांगताना नेहमी पुस्ती जोडत असे, "खोताला ऋणात ठेवायची मौज होती ती. ती तिने सव्वा मुडीला विकली नाही."

विमलाने ही पुस्ती पन्नास वर्षे मनात ठेवली. आज तिचे वय अडुसष्ट. नवरा गेला त्याला दहा वर्षे झाली. मुलगा नाही, एकुलती एक मृणाली देवरूखजवळच्या गावी दिलेली. दार ओढून घेऊन सांगावे अशी सून तिच्या नशिबी नव्हती. म्हणून आपल्या हयातीत बियाणे राखावे आणि तांडेलांनी मागितले तर चोख परत करावे, एवढेच तिने उराशी धरले होते.

तीन वर्षांपूर्वी सस्यमित्र नावाच्या कंपनीने शेजारच्या महिपतची जमीन करारावर घेतली. महिपत भावकीतला, विमलाला वहिनी म्हणणारा, शब्दाला मान देणारा माणूस. खाऱ्या जमिनीत तगावे म्हणून प्रयोगशाळेत जनुक घालून तयार केलेले भात तिथे चाचणीसाठी लावायचे होते. सरकारी परवानगी होती, अंतर मोजलेले होते. भोवती जाळी होती, फलक होता, पहारेकरी होता. पीक निघाले की दाणा न् दाणा जाळायचा, कारण ते अजून कोणाच्या खाण्यासाठी मान्य झालेले नाही, असे कंपनीच्या साहेबांनी ग्रामसभेत सांगितले. विमलाने उभे राहून विचारले की आमच्या शेतात ते आले तर. साहेब हसून म्हणाले, आजी, येणार नाही.

दुसऱ्या वर्षी ते आले. तिचा खारबेळ्याचा हातसडीचा तांदूळ पुण्याचा एक व्यापारी परदेशी पाठवीत असे. त्याचा माल तपासणीत अडकून परत आला आणि सोबत अहवाल आला: या तांदळात बाहेरचा जनुक सापडला आहे. व्यापाऱ्याने फोनवर नाना शब्द वापरले. त्यातला एक 'भेसळ' होता. त्या शब्दाने विमला दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने भाचा शौनक याला बोलावले. रत्नागिरीत त्याची वकिली बरी चालत असे. तो म्हणाला, मावशी, तडजोड करू. कंपनी भरपाई देईल आणि विषय मिटेल. विमलाने त्याला सांगितले की तिला भरपाई नको. माझे बी शुद्ध होते आणि ते यांनी नासवले, एवढे एक वाक्य न्यायालयाच्या शिक्क्यानिशी हवे.

दावा दाखल झाला. गावात दोन तट पडले. महिपतच्या घरची हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कंपनीने जाळ्या काढून जमीन परत केली आणि चाचणी यशस्वी झाल्याचे वर्तमानपत्रांना कळवले.

दावा चालू असतानाच शिमग्याच्या आधी कमळा तांडेल आली. तिचेही केस पांढरे झालेले. मुलगा दीपेश याने होडी विकली होती. मासळी मिळेना आणि बंदरावरचे कामही सुटले होते. वर्षानुवर्षे ओस पडलेले खाजणातले कुणगे तो आता पुन्हा कसणार होता. बाजारचे बी दोनदा टाकून पाहिले. पहिल्याच उधाणाला ते करपले.

कमळा ओटीवर टेकली नाही. पायरीवर उभ्यानेच म्हणाली, "वयनी, मागं ठेवलेलं न्यायला आलेय."

विमलाला वाटले होते की हे मागणे आपल्या कानी कधीच पडणार नाही. तिने कमळाला हाताला धरून वर घेतले, चहा पाजला आणि सांगितले की निकाल लागू दे. पेरणीच्या आधी तुझे तुला मिळेल.

"निकालाचं आणि बियाचं काय गो?"

"नासलेलं बी खोतांच्या घरातून परतफेडीला जाणार नाही. माझ्या माळ्यावर अजून एक जुनी मुडी आहे. ती तपासून शुद्ध ठरली की तुझी."

कमळा हसली. म्हणाली, "तुमच्याकडे दाण्यालापण कागद लागतो. आमच्या म्हातारीनं मुडी उतरवली तेव्हा कागद मागितला नव्हता."

एप्रिलात विमलाची उलटतपासणी झाली. नऊवारी नेसून, कमरेत ताठ राहून ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. कंपनीचे वकील मुंबईचे, अतिशय नम्र. त्यांनी आधी खारबेळ्याची स्तुती केली. मग हे बी इतकी वर्षे टिकले कसे, ते न्यायालयाला सांगाल का, असे विचारले. तिच्या आयुष्यात हा प्रश्न असा कोणी विचारलाच नव्हता. तिने मुडीची बांधणी सांगितली, धूर सांगितला, निवड सांगितली. न्यायाधीशही लेखणी थांबवून ऐकत होते.

मग वकिलांनी नव्याची चाल विचारली. तिने सांगितले की नवान्नाच्या दिवशी गावात प्रत्येक दारावर भाताच्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून बांधतात. पहिल्या लोंब्या गावाला वाटायचा मान महिपतच्या घराचा.

"दोन वर्षांपूर्वीही त्यांनीच वाटल्या?"

"मान त्यांचा आहे. दुसरा कोण वाटणार?"

"आणि दारावरच्या त्या लोंब्यांचे पुढे काय होते, आजी?"

"इतर घरांत काय होते ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात पेरणीच्या दिवशी त्या उतरवतात आणि त्यांचे दाणे सगळ्या मुड्यांच्या बियाण्यात मिसळतात. लक्ष्मी घरातून तुटू नये म्हणून. चार पिढ्यांची चाल आहे."

"ते मिसळतो कोण?"

"मीच. आमच्या घरात बियाण्याला दुसऱ्याचा हात लागत नाही."

बोलून झाल्यावर तिने शौनककडे पाहिले. तो खाली बघत होता आणि समोरची फाईल त्याने मिटली होती.

मग महिपत साक्षीला आला. त्याने काहीही लपवले नाही. त्या वर्षी पाऊस लांबला होता. नवान्नाच्या दिवशी साऱ्या गावाचे भात हिरवे होते. पिकले होते ते फक्त जाळीतले, कारण ते पंधरा दिवस आधी तयार होते. जमीन माझी, आणि देवाचे पहिले देणे माझ्या घराकडे, असे म्हणून तो जाळी उचलून आत गेला आणि एक पेंडी कापून आणली. पहारेकरी गावचाच होता. त्याने पाहिले, देवाचे म्हटल्यावर त्याने पेंडीला हात जोडले. महिपत रडत म्हणाला, "वहिनी, देवाला हिरवं कसं वाहू? त्यात काय असतं ते मला काय ठाऊक?"

नवान्नाच्या त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात त्या दाण्यांची चिमूट खिरीत पडली होती. हे बाहेर आले तेव्हा कंपनीच्या वकिलांनी विचारले की कोणाचे पोट दुखल्याची नोंद आहे काय. विमला बाकावरून उठली. न्यायाधीशांनी तिला थांबवले नाही.

"नाही दुखले," ती म्हणाली. "पण पोट आमचे होते. दुखेल की नाही हे आधी आम्हाला विचारायला हवे होते."

हे वाक्य निकालपत्रात आदराने उद्धृत झाले, आणि त्याच्या खालच्याच परिच्छेदात दावा फेटाळला गेला. पहारा ढिला ठेवल्याबद्दल कंपनीला समज देण्यात आली. मात्र करार मोडून पेंडी बाहेर काढली ती महिपतने आणि बियाण्यात मिसळली ती वादीने स्वतः, स्वहस्ते. म्हणून कंपनीला जबाबदार धरता येत नाही. वादीचे बियाणे पूर्वी शुद्ध होते याविषयी न्यायालयाला शंका नाही. विमलाला हवे होते त्यातले अर्धे वाक्य मिळाले, आणि उरलेले अर्धे तिच्याच नावावर लिहिले गेले.

शौनकने अपिलाचे सुचवले. ती म्हणाली, "कशावर? मी खोटे बोलले असे सांगणार आहेस?"

निकालापाठोपाठ तज्ज्ञांच्या सरकारी समितीचा आदेश आला: दूषित साठा नष्ट करावा आणि त्या जमिनीत तीन हंगाम भात घेऊ नये. जुनी मुडीही तपासणीत सुटली नाही. लक्ष्मीचे दाणे विमलाने तिच्यातही न विसरता मिसळले होते. वैशाखात अंगणात ढीग रचला गेला. अधिकाऱ्यांनी माणसे आणली होती, पण मुड्या माळ्यावरून विमलाने स्वतः खाली दिल्या. पेंढा भडकन पेटला. भात मात्र फुटत, तडतडत संध्याकाळपर्यंत धुमसत राहिले. लाह्यांचा वास गावभर गेला. महिपत कुंपणापलीकडे उभा होता. ती त्याला आत ये म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी मृणाली देवरूखहून आली. रिक्षातून तिने एक मुडी आणि एक अर्धवट भरलेले पोते उतरवले.

"काय हे?"

"खारबेळा," मृणाली म्हणाली. "माझ्या लग्नात आजीने माझी ओटी भरली ना, त्यातला."

विमलाला ते आठवले. पाठवणीच्या वेळी रखमाने नातीच्या ओटीत तांदळांऐवजी भात घातले होते. म्हातारीला दिसत नाही, असे म्हणून विमलाने चारचौघांत तिच्या हातातली परडी काढून घेतली होती.  मात्र ओटीतले परत काढू नये, एवढे रखमाने बजावले होते. त्या चार ओंजळी मृणालीने डोंगरउतारावरच्या खाचरात नऊ वर्षे पेरल्या, कापल्या, पुन्हा पेरल्या, आणि आईच्या भयाने सांगितल्या नाहीत. तिथे ना नवान्नाच्या त्या लोंब्या पोचल्या होत्या ना कंपनी. सर्व बातम्या ऐकून तिने दाणे तपासूनही घेतले होते. कागद शुद्ध होता.

"होते नव्हते तेवढे आणले," मृणाली म्हणाली. "सासरे यंदा त्या खाचरात काजू लावताहेत. आता हे तुझे तू ठेव."

कुठे ठेवणार? पेरायला तीन हंगाम बंदी आणि तीन पावसाळे बी जिवंत राहत नाही. रखमाची नजर अखेरपर्यंत शाबूत होती, भात तिने जाणूनच घातले होते. जी गेली होती ती आपली, हे विमलाला त्या अंगणातल्या राखेसमोर उमजले. ते तिने मुलीला सांगितले नाही. तिने होडी सांगायला लावली.

भागीरथीनंतर खोतांच्या घरची सून पुन्हा त्या तीरावर गेली. कमळाने अंगण सारवून ठेवले होते. विमला म्हणाली, "मोजून घे."

"मोजायचं काय त्यात? ठेवा."

"मोजून घे, कमळा. चोवीस पायल्यांची मुडी होती. सव्वापट म्हणजे तीस."

कमळाने पायली आणली. पहिले माप एक म्हणून मोजत नाहीत, म्हणून तिने "लाभ" म्हटले; मग दोन, मग तीन. दाण्यांचा आवाज सोडून अंगणात दुसरे काही नव्हते. वीस झाल्या तेव्हा तिचा हात थांबला.

"वयनी, तीन वर्सांनी तुमची जमीन सुटल. तवा या. तुमची म्हातारी आली होती तशाच या. मी मुडी ठेवीन."

"भागीरथीबाई आल्या तेव्हा घरी त्यांची सून होती," विमला म्हणाली. "मी कोणासाठी मागू? तू मोज."

पोते रिकामे होत आले. एकोणतिसावी पायली काठोकाठ भरली. तिसावी भरून वर ओंजळभर भात उरले. विमलाने पोते उलटे करून झटकले, शिवणीत अडकलेले दाणे नखाने काढले आणि ती ओंजळ कमळाच्या पदरात घातली. स्वतःच्या तळहाताला चिकटलेला एक दाणाही तिने पदरात झाडला.

कमळाने तिसाव्या पायलीवरून हात फिरवून माप सपाट केले.

"तीस," ती म्हणाली. "फिटलं, वयनी."