माझा कापडी टप

मित्रांनो, मी उघडझाप करणाऱ्या कापडी टपाची एक म्हातारी मोटार आहे. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आता मलाही नीट आठवत नाही. दोन मालकांच्या हाताखालून गेले आणि जामनेरजवळच्या तोतारामभाऊंच्या मळ्यात येऊन थांबले. त्या वर्षी त्यांची केळी चांगली पिकली होती. खान्देशातल्या उन्हात बिनछपराची गाडी घेतली म्हणून गावाने त्यांची टिंगल केली. मग तेच लोक पोराच्या वरातीसाठी मला मागायला येऊ लागले.

माझा टप सायीसारखा पांढरा होता. रंग सुनंदाबाईंनी निवडलेला. त्या माझ्या मालकीणबाई. टपाची निगा त्याच राखायच्या. मऊ ब्रशने धूळ झाडायच्या, साध्या साबणाच्या पाण्याने कापड धुवायच्या, सावलीत पुरतं वाळू द्यायच्या. सांध्यांना तेलाचा थेंब, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला ओलं फडकं. टप ओला असताना कोणी दुमडायला लागलं की त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "आधी वाळू द्या त्याले."

मग त्या आजारी पडल्या. धुळ्याच्या दवाखान्यात तोतारामभाऊ मलाच घेऊन जायचे. शेवटच्या खेपेला सुनंदाबाई दुसऱ्या गाडीतून, पांढऱ्या चादरीखाली, घरी गेल्या आणि मागून भाऊ मला चालवत आले. वाटेत पारोळ्याच्या अलीकडे पाऊस लागला. घरी आल्यावर त्यांनी भिजलेला टप तसाच दुमडला, मला पत्र्याच्या शेडमध्ये लावलं आणि ते आत गेले.

त्यानंतर बरीच वर्षं माझा टप कोणी उलगडला नाही. कापडाला बुरशी धरली. दुमडीवर ते चिरत गेलं, खिडकी पिवळी पडून फुटली, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला. खरं सांगते, मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. भाऊ रोज शेडवरून जात, माझ्याकडे बघत, आणि मी त्यांना दिसत नसे. ते जेवत, झोपत, केळीला पाणी देत. कोणी काही विचारलं की हो म्हणत.

त्यांची मुलगी ऋतिका नरडाण्याला एका कारखान्यात नोकरी करते. एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने विचारलं, "आबा, गाडी भंगारात देऊ का?"

"दे," भाऊ म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं, "की दुरुस्त करू?"

"कर."

ऋतिका त्यांच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने टेम्पो बोलावला. मला वर चढवलं, वडिलांनाही पुढे बसवलं आणि आम्ही धुळ्याला नासीरभाईंच्या दुकानात आलो. नासीरभाई गाड्यांचे टप बसवतात, आणि त्यांची बायको रहिमाबी ते शिवते.

नासीरभाईंनी कापड बोटाने दाबलं. बोट आरपार गेलं. "भाऊ, कापड बठ्ठं सडी गयं. सांगाडा मात्र चांगला शे." त्यांनी एकेक पट्टी सोडवली आणि माझा जुना टप फरशीवर काढून ठेवला. भाऊ शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा हलला नाही.

रहिमाबीने नमुने आणले. काळा, सायीचा, लाल, हिरवा. "भाऊ, कोणता लावू?"

"कोन्ताबी लाव."

"पहिल्यासारखा सायीचाच कापा काकू," ऋतिका म्हणाली.

रहिमाबीने कात्री खाली ठेवली. "त्यांना बोलू दे, बेटी. भाऊ, मालकानं सांगितल्याशिवाय मी कापडाला हात लावत नाही. बसा आरामशीर." आणि ती एका रिक्षाची सीट शिवायला बसली.

चहा आला, गार झाला. भाऊंनी नमुने मांडीवर घेतले. सायीच्या कापडावर त्यांचा हात बराच वेळ पडून राहिला.

"हा नको," ते म्हणाले.

रहिमाबीचं मशीन थांबलं.

"हा तिले आवडे. मले कधीच नही आवडला. मळकट दिसे लगेच. मी तिले कधी बोललो नही." मग ते रडले, नाक ओढत, लहान मुलासारखे. स्मशानातही ते रडले नव्हते. ऋतिका उठू लागली, तर रहिमाबीने तिला हातानेच बसवलं आणि पाण्याचा तांब्या भाऊंच्या जवळ सरकवला.

"हिरवा लाव," डोळे पुसून ते म्हणाले.

आता माझा टप गडद हिरवा आहे. नव्या कापडाला ताण बसेपर्यंत काही दिवस तो उघडायचा नाही, असं नासीरभाईंनी बजावलं आहे. इंजिनाचं काम झाल्यावर जामनेरपर्यंत भाऊंनीच मला चालवत आणलं. हसले वगैरे नाहीत. एरंडोलला ऋतिकाने "चहा घ्यायचा का?" असं विचारलं, तेव्हा "नको, भूक लागली, भजी घेऊ," म्हणाले.

मित्रांनो, कापडाची निगा सोपी आहे, ती कोणीही शिकेल. माझी विनंती दुसरीच आहे. तुमच्या घरात कोणी प्रत्येक गोष्टीला हो म्हणू लागलं, तर ते हो लगेच घेऊन निघून जाऊ नका. जवळ बसा आणि पुन्हा विचारा.